एकतीस मार्चचा वादळअण्णा

श्रीहरी मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट जमली, आणि तीही त्यांनी आपल्या हातानं घालवली. बाकी पस्तीस वर्षं त्यांनी हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेतली. त्या पोरांतला एकही चित्रकार झाला नाही, आणि त्याबद्दल कुणी मास्तरांना दोषही दिला नाही.

जमलेली गोष्ट म्हणजे वादळअण्णा. हुबळीतून निघणाऱ्या मुलांच्या एका मासिकात मास्तर दरमहा चार पानं चित्रकथा काढत. खांद्यावर काळी घोंगडी टाकून उणकलच्या तळ्यातून वर यायचं आणि दुष्टांना लोळवायचं, हा या वीराचा धंदा. मासिक पुढे बंद पडलं, संपादक वारले, पण वादळअण्णाचे हक्क मास्तरांच्याच नावावर राहिले.

सात वर्षांपूर्वी बंगळूरच्या एका कंपनीनं सिनेमाचे हक्क मागितले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसे मास्तर सही करायला निघाले. शेजारच्या उमेश वकिलांनी त्यांना दारात अडवलं आणि करारात एक अट घालून घेतली. सात वर्षांत, म्हणजे यंदाच्या एकतीस मार्चपर्यंत, प्रत्यक्ष वादळअण्णा कॅमेऱ्यासमोर उभा राहून चित्रीकरण सुरू झालं नाही, तर सगळे हक्क मास्तरांकडे परत. नुसता नारळ फोडून चालणार नाही, हेही लिहून घेतलं.

मग बंगळूरची कंपनी बुडाली. तिच्या कपाटातला वादळअण्णा हैदराबादच्या कंपनीनं घेतला, तिनं तो मुंबईच्या कंपनीला विकला. बाजारातली म्हैससुद्धा इतक्या दावणी बघत नाही. प्रत्येक नवा मालक मास्तरांना एक गोड पत्र पाठवी, मास्तर ते फाईलला लावत, आणि सिनेमा काही निघत नसे.

त्यांची मुलगी वेदश्री बंगळूरला ॲनिमेशनचं काम करते. हक्क परत आले की वादळअण्णाला आपण हलता-बोलता करायचं, असं तिनं ठरवलं होतं. दोन वर्षं एकही सुट्टी न घेता ती रोज कामावरून आल्यावर घरी बसून त्याची चित्रं काढत होती. नोकरी सोडायचं पत्रही तिनं लिहून ठेवलं होतं, तारीख तेवढी घालायची बाकी होती.

सव्वीस मार्चला मुंबईच्या कंपनीचा प्रवीण घरी आला. मूळचा अळणावरचा, मराठी आणि कन्नड दोन्ही जिभेवर लोणी लावून बोलणारा. त्यानं मास्तरांना शाल पांघरली आणि पाच दिवसांनी उणकलला चित्रीकरण सुरू होतंय, दसऱ्याला सिनेमा पडद्यावर, असं सांगितलं. वेदश्रीनं फोनवर बजावलं की अप्पा, तुम्ही तळ्याकडे फिरकू नका, तुमची हजेरीच ते पुरावा म्हणून दाखवतील. उमेश वकिलांनीही तेच सांगितलं. मास्तर दोघांनाही हो हो म्हणाले. पण आत त्यांना वेगळंच वाटत होतं. सिनेमाच निघतोय, तर हक्क परत घेऊन त्यांचं लोणचं घालायचं का? पोरीची चित्रं बघणार चार जण, मोठ्या पडद्यावरचा वादळअण्णा बघायला सगळी हुबळी लोटेल. बापाला असं वाटू नये, पण वाटलं खरं.

एकतीसला बँकेत जातो असं पद्माबाईंना, म्हणजे बायकोला, सांगून ते इस्त्रीचा शर्ट घालून उणकलला गेले. तिथे एक कॅमेरा, दोन छत्र्या आणि सात माणसं. एवढ्यात लग्नाची कॅसेटसुद्धा होत नाही, हे त्यांना कळायला हवं होतं. नायकाचं काम करणारा नट आलाच नव्हता. दुपार कलली तसा प्रवीण घोंगडी घेऊन मास्तरांपाशी आला.

"मास्तर, तुम्हीच उभारा की," तो म्हणाला. "तुमच्यापेक्षा खरा वादळअण्णा आम्ही कुठनं आणायचा?"

एकाहत्तर वर्षांचा माणूस गुडघाभर पाण्यात उतरला. तीनदा घोंगडी झटकली, तीनदा छाती पुढे काढली. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. प्रवीणनं तारखेची पाटी हातात देऊन फोटो काढला आणि भूमिका केल्याच्या कागदावर सही घेतली. इतका आनंद मास्तरांना निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दसऱ्याला सगळ्यांना थेटरात नेऊन चकित करायचं होतं.

दसरा आला नि गेला. दिवाळीत पेपरात आलं की त्या कंपनीनं वादळअण्णा एका बड्या स्टुडिओला विकला, आणि आता तो अगदी नव्यानं निघणार. उमेश वकिलांनी प्रवीणला फोन लावून उणकलच्या सिनेमाचं काय झालं म्हणून विचारलं.

"तो दाखवायचा नव्हताच, वकीलसाहेब," प्रवीण शांतपणे म्हणाला. "मुदतीच्या आत तेवढा काढायचा होता."

वकिलांनी हे सांगितलं तेव्हा मास्तर त्यांना चहाचं विचारून आत गेले. घोंगडीचं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

चार दिवसांनी वेदश्रीचा फोन आला. आवाजात कितीतरी महिन्यांनी हसू होतं. तिनं आणि उमेशकाकांनी शोधून काढलं होतं की तो नट त्या दिवशी हुबळीत नव्हताच, मैसूरला लग्नात जेवत होता. नायकाशिवाय चित्रीकरण झालं, म्हणजे अट मोडली, वादळअण्णा आपला. दावा लावायचा. राजीनाम्यावर तारीखसुद्धा घातली होती तिनं, सकाळीच देऊन आली होती.

"आता ते कंपनीवाले म्हणतात, घोंगडी घालून कुणीतरी पाण्यात उभारलं होतं, फोटो आहे, सही आहे, पण कोर्टातच दाखवू," ती म्हणाली. "गावातला कुणी भाड्याचा माणूस असणार. तुम्ही एवढं शोधा, अप्पा. कोण होता तो?"

"मी होतो, बाळ."

मग वेदश्री म्हणाली, "आई आहे का जवळ? तिला फोन द्या."