मुराळ्याची फियाट

छगन अप्पांची फियाट सुरू करायला मला अडीच तास लागले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुरतेत कोसाडला माझं गॅरेज होतं आणि 'वाल्मिकचा हात लागला की गाडी बोलते' असं लोक म्हणायचे. मीही त्यांना म्हणू द्यायचो.

अप्पा अमळनेरकडचे. एकोणिसाव्या वर्षी सुरतेत आले आणि एकतीस वर्षं लूमवर काढली, शेवटी जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम, होऊन निवृत्त झाले. लूमच्या खडखडाटानं कान गेले होते, त्यामुळे अप्पा साधं 'चहा घे' म्हणाले तरी शेजारच्या ब्लॉकमधली माणसं खिडकीत यायची. इंजिन सुरू झालं की नाही हेही त्यांना ऐकू यायचं नाही. डाव्या सीटवर त्यांच्या पत्नी उषाबाई बसायच्या. त्या मानेनं 'झाली' म्हणाल्या की अप्पा गिअर टाकायचे.

उषाबाई माघात गेल्या. मग अप्पा रोज दुपारी गॅरेजात येऊन स्टुलावर बसायला लागले. काम काहीच नसायचं. मी कामात असलो की वैतागायचो आणि म्हणायचो, "अप्पा, घरी जा, ऊन लागेल." ते म्हणायचे, "घरमा कोन शे?" त्यावर मी पाना उचलून गाडीखाली शिरायचो. दुसरं काय करणार? 

सत्त्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी पावणेनऊला ते गॅरेजच्या दारात उभे राहिले. धुवट धोतर, नवी टोपी, कपाळाला नाम. "वाल्मिक, गाडी चालू व्हत नही. पोर वाट देखी ऱ्हायनी."

पोर म्हणजे हर्षदा, त्यांची एकुलती एक. चलथाणच्या साखर कारखान्यात जावई कामाला. आम्हा खान्देशी लोकांत आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी, आणि तिला आणायला माहेरचा माणूस, मुराळी, जायला हवा. भाऊ नसल्यामुळे अप्पाच मुराळी व्हायचे. गेली दोन वर्षं अप्पा आणि उषाबाई फियाट घेऊन गेले आणि पोरीला मिरवत आणलं. यंदा मात्र हर्षदाच्या सासूनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या घरात आता बाईमाणूस नाही, तिला कशाला पाठवायचं? बारापर्यंत मुराळी आला तर देऊ, नाहीतर ती आमच्याबरोबर नवापूरला." अप्पांना फक्त ही एक आखाजी हवी होती. गेलेल्या आईच्या नावाची घागर पुजायला तरी लेक हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

गाडी त्यांच्या दारातून ढकलत गॅरेजात आणली आणि बॉनेट उघडलं. आत सगळीकडे हळदकुंकू. बॅटरीवर, कार्बोरेटरवर, एअर क्लीनरवर, वायरींवर. अप्पा जन्मभर लूमवाले. दसऱ्याला लूमच्या पत्र्याला नाही, जिथं मशीन चालतं तिथं कुंकू लावायची त्यांची रीत. मुराळी निघायचा म्हणून पहाटे गाडीची पूजा केलेली, कलशातलं पाणीही शिंपडलेलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. माझ्या स्वतःच्या पान्यांवर दसऱ्याचं कुंकू वर्षभर असतं.

सेल मारला. इंजिन जोरात फिरत होतं, म्हणजे बॅटरी ठणठणीत. पेट्रोलचा पाइप काढला तर पंप भसाभस पेट्रोल ओकत होता. चारही प्लग काढले, ते पेट्रोलनं ओले. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, जळत नव्हतं. चारही प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून बाजूला ठेवलं, पॉइंट घासले, टोपण परत बसवलं. बोटं लाल झाली, ती मी पँटला पुसली. कुंकू हाताला लागलं, तरी डोक्यात काही आलं नाही.

दहा वाजता म्हणालो, "अप्पा, रिक्षा करा ना सरळ."

"मुराळी काय रिक्षामा जास?" अप्पा ओरडले. मग खाली बघत म्हणाले, "तुन्हा हात लागना म्हंजे व्हई."

आता असं म्हटल्यावर माझा अहंकार कुठं गप्प बसतो? मी आणखी दहा मिनिटं मागितली. मग आणखी दहा. दुसऱ्या गाडीची कॉइल काढून लावून पाहिली. कॉइलची वायर पत्र्याजवळ धरली तर निळी, जाडजूड ठिणगी. मग ती प्लगपर्यंत जाते कुठं? माझंच डोकं फिरायला लागलं. मी अप्पांवर उगाच खेकसलो, "जुनी गाडी आहे, कधीतरी विकून टाका म्हणालो होतो ना!" त्यांनी नवी टोपी सारखी केली. ऐकू आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सव्वाअकरा होत आले तेव्हा शेवटी डोक्यावर पोतं घेऊन बॉनेटखाली अंधार केला आणि अप्पांना सेल मारायचा इशारा केला. टोपणावर निळ्या मुंग्या धावत होत्या. ओल्या कुंकवातून ठिणगीला आडवाट सापडली होती आणि ती प्लगकडे न जाता टोपणावरच विरत होती. मी फडक्यानं टोपण आणि वायरी कोरड्या पुसल्या. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. अप्पांना कळलंच नाही. त्यांनी डाव्या सीटकडे बघितलं, मग खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला, तेव्हा इंजिनाची थरथर त्यांच्या हाताला लागली.

चालवायला मीच बसलो. अप्पा मागे बसले. नदी ओलांडली, शहरातली गर्दी, कडोदऱ्याला ट्रकांची रांग. चलथाणच्या वसाहतीत पोचलो तेव्हा साडेबारा वाजायला पाच कमी होते. हर्षदाच्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या सरलाबाई बाहेर आल्या. त्याही आमच्याकडच्याच. "बारालोंग वट्टावर बठेल व्हती बिचारी, पिशवी मांडीवर लिसन. मंग सासूनी जीपमा बसाडी लिधी." मला तिथून पळून जावंसं वाटलं. माझी दहा मिनिटं त्या ओट्यावर बसून तिनं मोजली होती.

"तुमले निरोप शे," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी दोनदा, तिसऱ्यांदा अप्पांच्या कानाशी ओरडून सांगितला. "हर्षदा सांगी गयी, अप्पानी मशीनले ओलं कुंकू लायेल व्हई. मायना सीटसमोरला कप्पामा फडकं शे. पुशी टाका."

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. मला मात्र सगळं लख्ख कळलं. दर दसऱ्याला, दर आखाजीला पूजा करून अप्पा धोतर बदलायला आत जात. तेवढ्यात उषाबाई बॉनेट उघडून सगळं कोरडं पुसत असणार. लेकीनं ते पाहिलेलं असणार. आणि गाडी वर्षानुवर्षं सणाला आढेवेढे न घेता निघते, याचं श्रेय मी माझ्या ट्यूनिंगला देत आलो होतो. मी ते अप्पांना ओरडून समजावलं. वसाहत ऐकत होती, ऐकू दे म्हटलं.

अप्पा गाडीकडे गेले. माघापासून त्या डाव्या सीटवर कुणी बसलं नव्हतं, मलाही त्यांनी बसू दिलं नव्हतं. दार उघडून ते तिथं बसले आणि समोरचा कप्पा उघडला. जुन्या लुगड्याचा नीट घडी केलेला तुकडा होता, कुंकवानं लाल होऊन कडक झालेला.

"माले एक डाव बी सांगं नही तिनी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

मी चावी फिरवली. इंजिन लागलं. अप्पा फडकं मांडीवर घेऊन समोर बघत होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मानेनं सांगितलं, 'झाली.'