हौसेचे केस

घर सोडलं त्या दिवशी अण्णांनी मला सगळ्यात आधी कटिंगला नेलं. गंगाखेडहून बंगळूरची गाडी होती, बॅग अर्धी भरायची राहिली होती, माय चुलीपुढं धपाटे थापत होती आणि अण्णा म्हणत होते, "नव्या मुलखात माणूस नीटनेटका दिसला पाहिजे." अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गावात एकच सलून आहे, बालाजीचं. त्याच्या खुर्चीत मी बसलो. बालाजीनं माझ्या मानेभोवती कापड बांधलं आणि कसे कापायचे ते विचारायला अण्णांकडं बघितलं.

"बारीक," अण्णा म्हणाले.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, हातात नोकरीचं पत्र होतं, आणि माझ्या डोक्याचा निर्णय अजून अण्णाच घेत होते. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कटिंग, हा आमच्या घरचा कायदा. ताप असला तरी चालायचं, पण कानावर केस आलेला चालायचा नाही. स्टेशनवर मायनं डोळे पुसले. अण्णांनी माझ्या मानेवरून हात फिरवला. मला वाटलं माया करायलेत. ते म्हणाले, "मागून जरा वर-खाली झालंय."

बंगळूरला पहिल्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर 'अण्णा' या शब्दाचा. तिथं रिक्षावाला अण्णा, इडलीवाला अण्णा, आणि मीही अण्णाच. रस्त्यात मागून कोणी "अण्णा!" म्हणून ओरडलं की माझा हात आपोआप कानावरच्या केसांकडं जायचा. पण सावकाश लक्षात आलं, की एवढ्या अण्णांमधल्या एकालाही माझ्या केसांशी देणंघेणं नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला, चौथा गेला. ऑफिसात कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात लिफ्टच्या आरशात मी स्वतःला बघितलं. केस कपाळावरून वळून कानामागं गेले होते. काय सांगू, पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस बरा दिसायलाय की!

मग मी ठरवलं, वाढवायचे. पार खांद्याखाली.

गावात राहिलेल्यांना हे वेड वाटेल. पण जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक असेल, परक्या शहरात गेल्यावर माणूस काहीतरी एक असं करतो जे घरी कधीच करता आलं नसतं. माझा रूममेट जोसेफ केरळचा. त्यानं मांजर पाळलं. मी केस पाळले.

खांद्यापर्यंत केस बिनतक्रार आले. तिथं येऊन थांबले. टोकं खराट्यासारखी झाली, विंचरताना कंगव्यात तुकडे यायला लागले. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये रोझी नावाची मणिपूरची मुलगी काम करायची. तिनं एक बट उजेडात धरली आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "भैया, स्प्लिट एंड्स. काटना पडेगा." एका केसाच्या टोकाला दोन तोंडं, काहींना तीन. गवताला फुटतात तसे फाटे. तिनं दोन इंच कापले. चार महिन्यांत मी दोन इंच वाढवले. परत गेलो. "स्प्लिट एंड्स," रोझी म्हणाली, आणि परत दोन इंच कापले.

अण्णा आम्हाला पाचवीत हौदाची गणितं घालायचे. एका नळानं हौद भरतो, दुसऱ्या तोटीनं रिकामा होतो, तर हौद किती वेळात भरेल? तेव्हा मला वाटायचं, असला हौद बांधतं कोण? आता कळलं. तो हौद माझ्या डोक्यावर होता आणि दीड वर्ष झालं तरी भरत नव्हता.

उपाय सगळे केले. जोसेफ म्हणाला दोष बोअरच्या पाण्याचा, म्हणून वीस लिटरचा जार विकत आणून त्यानं डोकं धुतलं. रोझी म्हणाली उशीला सॅटिनचा अभ्रा घाला. घातला, तर उशी रात्रभर डोक्याखालून पळायची. कुठंतरी वाचलं की अंडं लावावं. दोन अंडी फेटून लावली, अर्धा तास बसलो आणि गरम पाण्यानं धुवायला गेलो. गरम पाण्यानं अंड्याचं काय होतं हे चौथीतलं पोरगंही सांगेल. जोसेफनं न हसता अर्धा तास माझ्या केसांतून भुर्जी वेचली. ती मांजरानं खाल्ली. केसांचे फाटे मात्र जिथल्या तिथं.

घरी व्हिडिओ कॉल असला की मी टोपी घालायचो. "एसी लय असतो," म्हणायचो. माझी दोन वर्षं अशी टोपीखाली गेली. मग चुलत बहिणीचं, वर्षाचं लग्न निघालं आणि गावी जाणं भाग पडलं.

गंगाखेडला उतरून सोनपेठच्या एसटीत चढलो. उकाडा इतका की टोपी काढली, केस मोकळे झाले. मी उभा होतो तिथल्या सीटवर एक म्हातारी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"कोन्या देवाचे हायत रं, लेकरा?"

"कोन्याच न्हाईत, मावशी."

"खरंय. सांगू न्हाई म्हनतेत." एवढं बोलून तिनं खिडकीपाशी बसलेल्या धडधाकट माणसाला उठवलं. "ऊठ की रं, नवसाचं लेकरू उभं हाय!" तो माणूस मुकाट्यानं उठला. मी बसायला नको होतं, पण बसलो. तिनं माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि गाव विचारलं. मी सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं. तेही सांगितलं. माझी सगळ्यात मोठी चूक ती.

इथं एक सांगायला पाहिजे. आम्ही बौद्ध. आमच्या बैठकीत भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत आणि त्या अण्णांना तोंडपाठ आहेत. तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या शाळांतून पोरांना सांगितलं, की नवस केल्यानं पेपर सुटत नाही, सराव केल्यानं सुटतो. कोणाच्या घरी नवसाचं बकरं कापलं तर अण्णा त्या जेवणाला जात नसत, मटण कितीही आवडत असलं तरी. आणि अशा माणसाच्या पोराचे केस आता नवसाचे झाले होते.

म्हातारी शेजारच्याच गावची निघाली. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली. दारात माय उभी होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पदर तोंडाला लावून हसू दाबलं. "आत हो लवकर," ती म्हणाली. "अन् आज जरा गप ऱ्हा."

अण्णा संध्याकाळी हॉटेलातून चहा पिऊन आले ते चपला फेकतच. तिथं कोणीतरी भर गर्दीत विचारलं होतं, "गुरुजी, पोराचे केस कोन्या देवाला द्यायचं ठरलंय? आमाला बी जेवायला बलवा." सगळं हॉटेल हसलं होतं.

अण्णा एरवी आमच्यासारखंच बोलतात. पण संताप झाला की पुस्तकातली मराठी काढतात. "उद्या सकाळी आठ वाजता," ते म्हणाले, "तुझे केशकर्तन होईल."

"अण्णा, केस माझे हायत. नवस नसला तर नसला. लोक म्हनतेत म्हनून मी कामून कापू?"

"उगीच फाटे फोडू नकोस!"

माय माझ्या मागं बसून डोक्याला तेल लावत होती. टोकं बोटांत धरून ती म्हणाली, "त्यानं कशाला फोडायला पाहिजेत? हितं सगळे फुटलेलेच हायत."

मला हसू फुटलं. अण्णा न जेवता अंगणात जाऊन बसले. मग माझं हसू मावळलं. अण्णांना उपाशी बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

सकाळी आठला मी स्वतःच चप्पल घातली. म्हटलं, जाऊ द्या. केस काय, परत येतील. बालाजीच्या सलूनचं शटर खाली होतं. तो सोनपेठला काही सामान आणायला गेला होता, येईलच म्हणे. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. मग अण्णाच बोलले, शटरकडं बघत.

"मी लहान असताना गावात आपले केस कोनी कापत न्हवतं. तुला ठाव हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"मेंढरं कातरायची कातर असती ना, तिनं तुझा आजा माझे केस कापायचा. हिथं टक्कल, तिथं झुपका. शाळेत पोरं मला 'कातरलेलं मेंढरू' म्हनायची. मास्तर व्हायचं शिकायला परभणीला गेलो तवा पहिल्यांदा सलूनच्या खुर्चीत बसलो. तिथं मला कोनी ओळखत न्हवतं. समोर एवढा मोठा आरसा. त्या मानसानं पांढरं कापड बांधलं अन् म्हनला, 'कसे ठेवू, साहेब?'" अण्णा जरा थांबले. "मला सांगताच येईना. आजवर कोनी इचारलंच न्हवतं. घाबरून म्हनलो, बारीक."

नंतर गावातही हे सगळं बदललं, बालाजीच्या वडिलांनीच सलून काढलं तेव्हा पहिल्या दिवशी जाऊन अण्णा खुर्चीत बसले, आणि तेव्हापासून एक रविवार सोडून दुसरा रविवार. मला चोवीस वर्षं जो कायदा वाटत होता तो त्यांचा हक्क होता, हे मला त्या बाकड्यावर कळलं. मला तेच बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अण्णा, मला बी कोनी इचारलं न्हाई. बालाजी तुमच्याकडं बघायचा. बारीक तुमीच म्हनायचे."

मला वाटलं आता पुस्तकातली मराठी येणार. अण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला.

"मग कसे ठेवायचेत?" त्यांनी विचारलं.

"लांब."

"लांब म्हंजी?"

मी पाठीवर हात लावून दाखवला. त्यांनी माप घेतल्यासारखं बघितलं आणि "हं" केलं.

तेवढ्यात बालाजी मोटरसायकलवरून आला. शटर वर करत म्हणाला, "या गुरुजी. पोराचे बारीकच ना?"

"आज कटिंग न्हाई."

"बरोबर हाय. नवस फिटल्याबिगर कसं कापायचं?"

अण्णा उठून उभे राहिले. समोरच्या हॉटेलात कालचीच मंडळी बसली होती. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी लावला. "नवस न्हाई. हौस हाय! माझ्या पोराला केसांची हौस हाय. कोनाला काही इचारायचं असंल तर आताच इचारा."

एकजण एवढंच म्हणाला, "हौसेला मोल न्हाई, गुरुजी." त्यावर हॉटेलवाल्यानं आम्हा दोघांना चहा पाजला. त्याच्या मनात अजूनही नवसच होता की काय कोण जाणे, कारण माझ्या कपात साखर फार होती.

घरी आल्यावर मायनं तिचं ज्ञान काढलं. तरुणपणी तिची वेणी कमरेखाली होती. "येड्यावानी दोन-दोन इंच कामून कापू देतूस?" ती म्हणाली. "बट घ्यायची, दोरीवानी पिळायची. जे फुटलेले हायत ते पिळातून बाहेर येतेत. तेवढेच कापायचे. लांबी हाय तशीच ऱ्हाती." एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी दीड वर्ष अंडी फेटत होतो. पण मायला आता बारीक दिसत नाही. कात्री अण्णांनी घेतली.

वर माळवदावर कोवळ्या उन्हात मला पाटावर बसवून, वाचायचा चष्मा लावून अण्णा एकेक बट पिळत बसले. तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस. "नापास," म्हणायचे आणि टोक कापायचे. "नापास. हा काठावर पास, ऱ्हाऊ दे." लग्नघरून बोलावणं आलं तरी ते उठले नाहीत. दोन सकाळी लागल्या. वर्षाच्या लग्नाच्या फोटोत सगळ्यात चमकणारे केस माझे आहेत. ती अजून बोलून दाखवते.

बंगळूरला परत गेलो तेव्हा रोझीनं टोकं बघून विचारलं, कोणत्या पार्लरला गेला होतास? मी म्हटलं, माझे वडील करतात. "उनका पार्लर है?" "नहीं, रिटायर्ड टीचर हैं." तिनं हातातली बट सावकाश खाली सोडली. मग म्हणाली, चार वर्षं झाली ती घरी गेली नाही.

फाटे काही कायमचे गेलेले नाहीत. ते जात नसतात. चार महिन्यांत टोकं परत दुभंगतात आणि मी गाडीचं तिकीट काढतो. आधी वर्षातून एकदा जायचो, तेही कारण असलं तर. आता मॅनेजर रजेचं कारण विचारतो तेव्हा मी खरं सांगतो, केस कापायला घरी जायचंय. त्याला तो विनोद वाटतो. बाराशे लोकांच्या इमारतीत माझं काम बघायला चार माणसं नेमलेली आहेत, पण माझा एकेक केस उजेडात धरून बघायला दोन सकाळी देणारं माणूस एकाच ठिकाणी आहे. घर कुठं, असं कोणी विचारलं तर मी आता त्या जागेचं नाव सांगतो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा एसटी स्टँडवर अण्णा मला सापडेचनात. एक म्हातारा जवळ आला आणि बॅग घ्यायला लागला. कानांवर पांढरे केस, मागं मानेवर चक्क कुरळे. माझ्या एकोणतीस वर्षांत मला माहीत नव्हतं, की अण्णांचे केस कुरळे आहेत. मायलाही नव्हतं म्हणे.

"कटिंगला जायचं ऱ्हाऊनच गेलं," अण्णा दुसरीकडं बघत म्हणाले.

"चार महिने झाले, ऱ्हाऊनच जायलंय," माय घरी आल्यावर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं झाल्यावर ते उठले नाहीत. इकडंतिकडं बघून त्यांनी पाट स्वतःकडं ओढला, माझ्याकडं पाठ करून बसले आणि कात्री खांद्यावरून मागं माझ्या हातात दिली.

"बग बरं, फुटलेत का?"

मी एक बट पिळली. पांढऱ्या दोरीतून दोन-चार टोकं बाहेर आली. "हायत थोडे."

"काप मग," अण्णा म्हणाले. "पन लांबी कमी करू नको."