कौलाच्या दोन पाकळ्या

हे आत्ताच सांगितलं पाहिजे. उद्यावर टाकलं तर मी त्यात उगाच शहाणपणा घालीन. सकाळपासून टाइपरायटरवर बोटं धावतायत आणि चुका खोडायलाही थांबवत नाही, तसंच वाचून घ्या.

लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतली पोरं ब्रह्मदेशातून परत आली, आमचा दादा नाही आला. सरकारकडून इतकंच कळलं की तो बेपत्ता आहे. मेला असं नाही, जिवंत आहे असंही नाही. वहिनी कुंकू लावत होती, दळणपाणी करत होती आणि घरात कुणी विषय काढत नव्हतं. मग बहिणीचं लग्न ठरलं. हळद जात्यावर दळायला आमच्याकडं पाच सवाष्णी लागतात. आईनं पहिलं नाव वहिनीचं घेतलं. चुलती म्हणाली, "आदी ती सवाशीन हाय का न्हाई ते तर ठरवा. पोरीच्या हळदीत इघ्न नगं."

वहिनी तिथंच भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. "देवाला इचारू," ती म्हणाली. "कौल लावा."

मी त्याच दिवशी पुण्याहून आलो होतो, आगगाडीतून काष्टीला उतरून, पुढं बैलगाडीनं, आणि डोक्यात नुसता भुंगा. कॉलेजात आमच्या सरांनी त्याच आठवड्यात वर्गात सांगितलं होतं की प्रकाशाचा कण दोन फटींपैकी कुठल्या फटीतून गेला, हे जोवर कुणी तपासत नाही तोवर त्याला 'ही की ती' असं उत्तरच नसतं. दोन्ही वाटा खऱ्या असल्यासारखा तो वागतो. तपासायला गेलं की एकच वाट उरते. मला तर आमच्या देवळातली भजनी म्हातारी मंडळीच आठवली. बघणारा आणि बघितलेलं वेगळं नसतं, असं तीही सांगतात. सर म्हणाले होते, हे कणांपुरतं आहे, माणसांना लावू नका. मी लावलंच.

परसात वहिनीला गाठलं. "वहिनी, कौल नका लावू. विचारलं नाही तोवर दादा दोन्हीकडं आहे. विचारलं की एकच काहीतरी उरेल."

तिनं नीट ऐकून घेतलं. "भावजी, कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय?" जराशी हसली. मग हसू गेलं. "दोन्हीकडचा घिऊन मी काय करू? अर्ध्या मानसाला वाढायचं कसं, आन् अर्ध्यासाठी रडायचं कसं?"



सकाळी भैरोबाच्या देवळात गेलो. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं कण्हेरीची एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर दादा आहे. डावी पडली तर नाही.

बसलो. कितीतरी वेळ काहीच होईना. चुलता म्हणाला, "गुरवमामा, देव झोपला का काय?"

"देव जागा हाय. घाई तुमाला हाय, त्याला न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं. मी पाकळ्यांकडं बघतच नव्हतो. खरंच सांगतो, मी बघितलं आणि डावी पडली तर, अशी भीती वाटत होती. म्हणून वहिनीकडं बघत राहिलो. ती मात्र पापणी न हलवता समोर बघत होती. त्या वेळात मला असं वाटलं की इथं आम्ही वेगवेगळी माणसं बसलेलीच नाही, एकच काहीतरी आहे आणि त्यानं श्वास धरून ठेवलाय. हे मला पुन्हा कधी वाटलं नाही.

उजवी पडली.

आई रडायला लागली. चुलतीनं स्वतः उठून वहिनीच्या कपाळावर कुंकू टेकवलं. "चल गं, जात्याशी पयली तूच बस." वहिनी रडली नाही की हसली नाही. हात जोडून नुसतं "बरं" म्हणाली.

हळद दळली, लग्न झालं, मांडव उतरला. पण कौलाआधी वहिनी घरात कुठंही बसायची, काम करताना गुणगुणायचीसुद्धा. आता ती दाराकडं पाठ करून बसत नाही. वाटेनं गाडी वाजली की घास हातातच राहतो. आज सकाळी ते बघून मी विचारलं, "वहिनी, कौल तर चांगला लागला ना?"

"चांगलाच लागला," ती म्हणाली. "पर आता वाट बगावी लागती, भावजी. आदी नुसतं दिस जात हुतं."

आणि मी उठून थेट टाइपरायटरशी येऊन बसलो. पाणी वाळलं म्हणून पाकळी पडली, एवढं मलाही कळतं. दादा जिथं असेल तिथं त्या पाकळीनं त्याचं काही बदललं नसेल. पण विचारणारी बदलली, ती माझ्या डोळ्यांसमोर. हे सरांच्या फळ्यावर कुठं मांडायचं ते मला माहीत नाही, भजनी मंडळींनाही विचारायचा धीर होत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. उत्तर तुमच्या मनासारखं आलं आणि तरी त्यानंतर तुम्ही पहिल्यासारखे राहिला नाहीत, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?