नुसता उजेड

गेल्या हिवाळ्यात धाराशिवच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये माझ्या जुन्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरलं. भरवलं तीन-चार पोरांनी. ही पोरं हल्ली पुन्हा फिल्मवर फोटो काढतात. खिशात मोबाइल असताना कुणाच्या तरी माळ्यावरचे कॅमेरे उतरवतात, मुदत संपलेले रोल कुठून कुठून मागवतात आणि धुवून आलेल्या फोटोवर पिवळट झाक दिसली की अंगारा मिळाल्यासारखी हरखून जातात. त्या झाकेला ती ‘काळाचा रंग’ म्हणतात. आम्ही तिला खराब रोल म्हणायचो.

उद्घाटनाला शाल, नारळ आणि भाषण झालं. वक्त्यांना फोटोतलं फारसं कळत नसावं, पण बोलायला भरपूर येत होतं. ते म्हणाले, “या फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडं बघतच नाहीत. जणू फोटो काढणारा तिथं नव्हताच!” टाळ्या पडल्या. मीही शालीत मान हलवली. खरं कारण अगदी साधं होतं. जी माणसं कॅमेऱ्याकडे बघत, त्यांचे फोटो आम्ही काढतच नव्हतो.

आम्ही म्हणजे धाराशिवचे चार हौशी लोक. दोन मास्तर, एक दातांचा डॉक्टर आणि पाटबंधारे खात्यातला कारकून मी. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी एसटीनं नळदुर्ग नाहीतर उमरगा गाठून कलावंत व्हायचं. हायवेवर ट्रकच्या सावलीत झोपलेला ड्रायव्हर, ढाब्यावर कांदे सोलणारी बाई, बाजारात शेळीचे दात बघणारा म्हातारा, असलं काही दिसलं की आम्ही झडप घालायचो. रंगीत रोल चैनीची वस्तू होती. म्हणून लाल लुगडं, निळा पत्रा, हिरवी फाटकी ताडपत्री यांवर आमचा डोळा. लुगड्याच्या आतल्या बाईशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं.

लोकांची फोटोची कल्पना वेगळी होती. कॅमेरा दिसला की माणूस आधी तोंड धुवायचा, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावायचा, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसायचा आणि श्वास रोखायचा. आपल्याला कुणीतरी नीट बघणार आहे, तर आपणही नीट दिसावं, एवढाच त्यामागे विचार. आम्हाला त्याचं हसू यायचं. दातांचा डॉक्टर आठवडाभर लोकांना तोंड उघडा म्हणायचा आणि रविवारी तेच लोक त्याच्याकडे बघून हसले की फ्रेम बिघडली म्हणून चिडायचा.

असल्या ताठ फोटोंवर फिल्म घालवायची आमची तयारी नव्हती. नाही म्हणावं तर माणूस नाराज, बाजारात गर्दी, मग पुढचे फोटो मिळणार नाहीत. यावर आम्ही तोड काढली होती. फ्लॅशच्या पाठीवर एक बारकं बटण असतं. फ्लॅश चालतो की नाही हे बघण्यासाठी. ते दाबलं की लख्ख उजेड पडतो, आत फिल्म मात्र तशीच राहते. उजेड पडला म्हणजे फोटो निघाला, अशी लोकांची पक्की समजूत. कुणी फार मागे लागलं की आमच्यातला एकजण दुसऱ्याला हळूच म्हणायचा, “ह्यांना नुसता उजेड दे.” मग उजेड द्यायचा, तो माणूस खूश, आम्ही मोकळे. परतीच्या एसटीत आज कुणी किती उजेड दिला यावर आम्ही पोट धरून हसायचो. शिकलेली माणसं होतो आम्ही.

उमरग्याच्या बाजारात एक मिरचीचं दुकान होतं. दुकान बोळकांडीसारखं लांब आणि अंधारं, दाराशी मात्र वाळलेल्या मिरचीचे ढीग, आणि सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर. मालक तरुण होता, लिंगायत घरातला. गिऱ्हाइकाशी कधी मराठीत, कधी कानडीत बोलायचा. मी खाली बसून त्या लाल ढिगात अर्धा बुडालेला त्याचा अंगठीचा हात आणि पितळी तागडी यांचे लागोपाठ फोटो काढले. चेहरा चौकटीबाहेर ठेवला. चेहरा आला असता तर बघणाऱ्याचं लक्ष रंगावरून उडालं असतं, असं तेव्हा माझं शास्त्र होतं.

तो म्हणाला, “साहेब, मिरचीचंच काढायलाव व्हय? मिरची काय पळून जायली?”

“तुमचा हात पण येतोय की,” मी म्हटलं.

“हाताला घिऊन काय करू? हाताला कोन हार घालतंय?” तो स्वतःच्याच विनोदावर हसला. “माझा एक सरळ काढा. लग्नात फोटूवाला आलाच न्हाई आमच्या. थांबा, आलोच.”

आणि माझं उत्तर न ऐकता दुकानामागच्या घरात गेला. मी कंटाळून मिरच्या हुंगत शिंकत बसलो. तो आला तेव्हा अंगात धुतलेला सदरा, डोक्याला रुमाल आणि कपाळावर विभूतीची तीन ताजी बोटं, अजून ओलसर. मागोमाग बायको आली, तिच्या कडेवर तान्ही मुलगी. तो अंधाऱ्या भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवले. बायकोला म्हणाला, “नोडु, नोडु,” म्हणजे बघ, बघ. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि फ्लॅशच्या पाठीवरचं बटण दाबलं.

उजेडानं दचकून पोरगी जोरात रडायला लागली. सगळे हसले. तो श्वास सोडत म्हणाला, “आलो का मी?”

“आलात की,” मी म्हटलं.

पुढं दोनदा त्याचा निरोप आला. मी पुढच्या खेपेला आणतो म्हणालो. एकदा खरोखरच जाऊन त्याचा फोटो काढावा असं मनात आलं होतं, पण त्या रविवारी आम्ही कुठल्याशा तळ्यावर धुकं शोधत हिंडत होतो. मग एक दिवस त्याचा मेहुणा माझ्या ऑफिसात आला. दुकानदार तापानं गेला होता. भिंतीला लावायला घरात फोटो नव्हता, तेवढा तुमच्याकडचा द्या म्हणाला.

माझ्यासमोर फायली होत्या, आजूबाजूला सहकारी होते. मी म्हणालो, “अहो, काय सांगू, ते लेकरू ऐन वेळी रडलं ना! माझा हात हलला. फोटो पार हलला, टाकून द्यावा लागला.”

त्यानं माझ्या टेबलावरच्या फायलींकडं बघितलं. मग म्हणाला, “लेकरूच ते. काय करनार.” आणि गेला.

तो मिरचीचा फोटो एका स्पर्धेत पहिला आला. ढालीवर माझं नाव कोरलेलं आहे. पुढं प्रत्येक लेखात, प्रत्येक मुलाखतीत मी ‘सहज टिपलेला क्षण’ असं त्याचं वर्णन केलं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पन्नाशीकडे झुकलेली एक बाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती. पोरांपैकी एकानं मला आणून तिच्यापुढं उभं केलं. ती म्हणाली, “हे आमचं दुकान. आई सांगायची, लई मोठं बक्षीस मिळालंय म्हणून. ही अंगठी मामाकडं हाय अजून.” मग माझ्याकडं वळून, “ती रडलेली पोरगी मीच.”

मी तिच्याकडं न बघता फोटोकडं बघू लागलो.

“मला अप्पांचं तोंड आठवत न्हाय, ते गेले तवा मी दीड वर्षाची व्हते. घरात सगळ्यांनी आंदाजानं एक चित्र काढून घेतलंय पेंटरकडून. काका म्हनतो ते त्याच्यासारखंच दिसतंय, मामा म्हनतो कुनासारखंच न्हाय. आजी तर मरूस्तोर मला म्हनायची, ह्या रडव्या भवानीमुळं माझ्या लेकाचा फोटू न्हाय. कौतुकानंच म्हनायची म्हना. पन म्हनायची.” ती हसली. “साहेब, तो हललेला फोटू आसंल तर द्या की. आता कॉम्प्युटरवर हललेलं सरळ करत्यात म्हनं.”

पोरांना तर चेवच आला. “काका, निगेटिव्ह असेल ना? आपण स्कॅन करू! गोष्ट कसली भारी आहे!” त्यांच्या दृष्टीनं प्रदर्शनाला एक नवीन फोटो मिळाला होता.

मग मी सांगितलं. तिथंच, त्या फोटोखाली उभं राहून. फ्लॅशचं बटण कुठं असतं ते सांगितलं, आणि तू रडलीस म्हणून काही बिघडलं नाही, बिघडायला आत काही नव्हतंच, हेही सांगितलं. पोरं आपापल्या बुटांकडे बघू लागली. नंतर मी म्हटलं, हे त्या फोटोखाली लिहा. तर त्यांचं म्हणणं पडलं की त्यानं फोटोचा मूड जातो. म्हणून इथं लिहितो आहे.

ती बाई मात्र चिडली नाही. तिनं विचारलं, “तुम्ही बघितलं व्हतं न्हवं त्यांना? समोर बसले व्हते तुमच्या. कसे दिसायचे, तेवढं सांगा.”

मी डोळे मिटले. विभूतीची तीन ओली बोटं दिसली, रुमालाची किनार दिसली, अंगठी दिसली. त्यांच्या मधे तोंड असायला पाहिजे होतं. कॅमेऱ्यातून बघताना त्या वेळी मी बटण कुठं आहे ते बोटानं चाचपत होतो. मी म्हणालो, “गोरे होते बहुतेक.”

“काळे व्हते,” ती म्हणाली. “तेवढं सगळेच सांगत्यात.”

मी भिंतीवरचा फोटो उतरवला, चौकटीसकट तिच्यापुढं धरला. म्हटलं, हा तुमच्या घरचा आहे, घेऊन जा.

तिनं पदर सारखा केला, हात काही पुढं केला नाही. “ह्याला न्हिऊन काय करू?” ती म्हणाली. “मिरची आमच्याकडं लई हाय.”