एका ताटात मटण आणि कोळंबी

सासूबाईंनी स्वतःहून मासे करायला सांगितले, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की यांचं काहीतरी चाललंय.

आमचं घर पुण्यातल्या खराडीच्या जुन्या गावठाणात. सासरच्या शेतावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पण घरातलं जेवण शेतकऱ्याचंच राहिलं. बाजरीची भाकरी, रविवारी मटण, घरचा काळा मसाला. मी रत्नागिरीकडची. लग्न होऊन आले तेव्हा माशांबद्दल सासूबाईंनी एकच नियम सांगितला होता: घरात नाही. मग मागच्या गॅलरीत विजेची शेगडी आली. तवा वेगळा, तो घासायची घासणीही वेगळी. मी तिथे कोळंबी परतायला लागले की सासूबाई आतून दार लावून घ्यायच्या आणि नाकाला पदर लावून बसायच्या. त्यावरून भांडण असं कधी झालं नाही. "झालं का तुझ्या माहेरचं शिजवून?" एवढंच विचारायच्या आणि उदबत्ती लावायच्या.

आणि त्याच बाई एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, लेकाचा वाढदिवस आलाय, त्याला ते परदेशातलं जेवण कर. माझा नवरा एकदा ऑफिसच्या कामासाठी बाहेरदेशी गेला होता. तिथे त्याने सर्फ अँड टर्फ नावाचा प्रकार खाल्ला होता, म्हणजे एकाच ताटात मांसाचा भाजलेला तुकडा आणि शेजारी शेवंड, लॉब्स्टर म्हणतात ती. आल्यावर त्याने ते इतक्यांदा सांगितलं की आम्हाला पाठ झालं होतं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या की मटण आणि मासे एका ताटात खाणाऱ्याच्या अंगावर कोड उठतं. आता त्याच म्हणत होत्या, "मटन बी कर आन् तुझं ते बी कर. आन् गॅलरीत कशाला, हितंच कर गॅसवर."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

खरं तर महिनाभर त्यांचं वागणं मला खटकतच होतं. त्यांनी माझ्या स्वैपाकाला नावं ठेवणं बंद केलं होतं. दूध तापवायच्या आधी पातेलं माझ्यापुढे धरायच्या, "बघ गं, बरं हाय ना?" असं विचारायच्या. आमटी झाली की मला चव घ्यायला लावायच्या. ज्या बाईने माझ्या हातची आमटी टोमणा न मारता कधी गिळली नाही, ती मला विचारते? त्यात मधे माझी नणंद येऊन गेली. दोघी मायलेकी दार लावून बसल्या होत्या आणि मी पाणी घेऊन गेले तर बोलणं तुटलं. नणंदेने काहीतरी चटकन पर्समध्ये टाकलं.

नवऱ्याला म्हटलं, तुझ्या बहिणीचं आणि आईचं काहीतरी शिजतंय. माशांच्या निमित्ताने स्वैपाकघर बाटलं म्हणून बोभाटा करायचा असेल, किंवा मला गोड बोलून कशाला तरी हो म्हणायला लावायचं असेल. त्याने लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं की तू पोलिसात जायला हवं होतंस, इथे वाया गेलीस. आणि मटण करणार असशील तर चाप आण.

वाढदिवस शनिवारी होता. शेवंडीचा भाव ऐकून मी मोठी कोळंबी घेतली आणि खाटकाकडून बोकडाच्या बरगडीचे चाप. चाप आलं-लसूण, मिरपूड आणि कच्च्या पपईच्या गरात दुपारीच मुरत ठेवले. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढून तिला हळद, मीठ, लिंबू लावलं. संध्याकाळी गॅसपाशी उभी राहिले तर सासूबाई स्टूल घेऊन शेजारी येऊन बसल्या. मासे असताना त्या स्वैपाकघरात! मला पाठीवर कुणीतरी टक लावून बसल्यासारखं वाटत होतं.

मी चाप तव्यावर टाकले. त्या उठून वाकून बघायला लागल्या. वाफेत तोंड घातल्यासारखं केलं आणि परत बसल्या. मग कोळंबीचं भांडं हातात घेतलं, नाकाजवळ नेलं. मी मनात म्हटलं, आता येणार शेरा. पण त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "वास येतोय का गं?"

"कच्ची आहे, येणारच ना, आई," मी जरा तोडूनच म्हणाले.

"लई येतोय?"

मला ते टोमण्यासारखं लागलं. गॅसच्या मागच्या बर्नरवर कुस्करायच्या बटाट्यांचं पातेलं ठेवलं, पुढच्या तव्यावरचे चाप उतरवून तेवढाच गॅस बंद केला आणि तवा गार होईपर्यंत लसूण ठेचायला घेतला. तेवढ्यात बेल वाजली. केक घेऊन माणूस आला होता, त्याने चुकीचा केक आणला होता, त्याच्याशी दारात बोलण्यात बराच वेळ गेला.

परत वळले आणि पॅसेजमध्येच गॅसचा वास आला. नुसता आला नाही, नाकात भरला. बटाट्यांचं पाणी उतू जाऊन मागचा बर्नर विझला होता आणि गॅस तसाच सुटत होता. सासूबाई ओट्याला टेकून, हातात लायटर घेऊन, पातेलं बाजूला सारत होत्या. पेटवणार होत्या.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. लायटर खाली पडला. बटण बंद केलं, खिडकी उघडली, गॅलरीचं दार उघडलं, आणि त्यांना ओढतच बाहेर घेऊन गेले. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात आलं की हे मुद्दाम तर नाही? इतका वास सुटलाय आणि ही बाई शांतपणे उभी?

"आई, तुम्हाला वास आला नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पदराने तोंड पुसलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कशाचाच येत न्हाई."

मग गॅलरीत, माझ्याच त्या विजेच्या शेगडीशेजारी पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी ताप येऊन गेला, त्यानंतर नाक गेलं होतं. सर्दी असेल म्हणून वाट पाहिली. सर्दी गेली, वास आला नाही. दूध नासलं तरी कळेना, फोडणी जळाली तरी कळेना. चवही निम्मी गेली होती. लेकीला तेवढं सांगितलं होतं. तिने कुठूनतरी ओव्याची पुरचुंडी आणि पेनबाम आणला होता, दार लावून ते हुंगवून पाहिलं होतं. काही उपयोग झाला नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या की सांगितलं असतं तर तुम्ही मला स्वैपाकघरातून उठवलं असतं, आणि मग दिवसभर मी काय करायचं, टीव्हीपुढे बसून मरायची वाट बघायची?

"आणि मासे कशाला मागितलेत?"

"म्हनलं, तुझ्या माशाचा तरी येईल," त्या म्हणाल्या. "त्याच्याइतका घान वास जगात दुसरा न्हाई. त्यो बी न्हाई आला, तेव्हा समजले मी."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांचा हात अजून माझ्या हातात होता. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल बहुतेक.

घर हवेशीर झाल्यावर मी लोण्यात लसूण परतून कोळंबी केली, चाप गरम केले, बटाटे कुस्करले. नवरा आला, ताट बघून खूश झाला आणि खिडक्या सगळ्या उघड्या का म्हणून विचारलं. मी त्याला जे झालं ते सांगितलं. सासूबाई नको नको अशी मान हलवत होत्या, पण असली गोष्ट मी लपवणार नव्हते. तो जेवता जेवता थांबला. मग आईच्या ताटात एक चाप वाढला.

सासूबाईंनी मात्र कोळंबी उचलली. सोलायची कशी ते विचारलं, शेपटीला धरून तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"काकडीवानी लागती," त्या म्हणाल्या, आणि दुसरी घेतली.

सोमवारी मी त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, येईलही, नाही येणारही, रोज लवंग, लिंबू, कापूर असं हुंगत राहा, विसरलेलं नाकाला शिकवावं लागतं. गॅस सुटला की वाजणारं एक यंत्र आम्ही भिंतीला बसवलं. भाकरी त्याच करतात, फोडणी मी बघते. मीठ अजून त्यांच्याच हाताने पडतं आणि ते चुकत नाही.

रोज सकाळी त्या डबीतला कापूर नाकाशी धरतात. परवा म्हणाल्या, थोडा थोडा कळायला लागलाय. मी लगेच विचारलं, खरंच? त्या डबीचं झाकण लावत म्हणाल्या, खोटं कशाला बोलू. पण बोलताना माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.