मांडीवरची ओटी

"ब्रेक दाब! अगं, ब्रेक दाब!" स्पीकरवरून बाबा ओरडत होते, आणि त्यांच्या दुप्पट आवाजात मी, "दबतच नाहीये!"

आज खांदेश्वरच्या घरी खोबरं खवताना त्याचा ओला, गोड वास आला आणि पंधरा वर्षांपूर्वीचा तो घाट पुन्हा पायाखाली आला. पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन, आत्या-मावश्यांना भेटत कोकणातून परतत होते. बाबांच्या अटी दोनच होत्या. घाटात फोन चालू ठेवायचा, आणि काही वेडंवाकडं झालं तर चावी कायमची परत.

निघताना मावशीने ओटी भरली. नारळ मागे ठेवायला गेले तर म्हणाली, "ओटी डिकीत टाकतात का गं? मांडीवर घे."

घेतली. उतारावरच्या वळणावर नारळ घसरला तो थेट ब्रेकखाली जाऊन बसला. माझ्या आठवणीत तो आता कलिंगडाएवढा झालाय आणि दरी पाताळापर्यंत गेलीय, पण समोरून आलेला ट्रक अगदी खरा होता. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, डाव्या टाचेने नारळाला लाथ घातली. कठड्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली, तेव्हा जळक्या क्लचचा वास नाकात भरला होता.

फोन चालूच होता. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. बाबांचा तो आरडाओरडा म्हणजे राग, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज कळतं, ते माझ्याहून जास्त घाबरले होते. चावी गेली, हे मी धरूनच चालले होते.

"पुढच्या वेळी डिकीत ठेव," बाबा म्हणाले.