तात्यांच्या खिशातली पिन

खंडेनवमीच्या दुपारी केतकी दीड वर्षांच्या ओवीला थोपटते आहे, आणि थोपटता थोपटता तिचाच हात जड होत चाललाय. बाहेरच्या खोलीत पाटावर विजेची चेनसॉ बसली आहे: हळदीकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली, वर खोबरेल चोपडलेली. पूजा झाली की यंत्र एकदा फिरवायचं, ही घरची रीत. ती पार पाडून निलेश पडवीत आडवा झालाय. बोर्डातली पिन काढलीस का, हे विचारायचं राहूनच गेलं. उठून बघावं, असं केतकीला वाटतं. पण पाय हलत नाहीत.

मग घासल्याचा आवाज येतो. खर्र, खर्र.

पाटासमोर तात्या बसलेत. तिचे सासरे; चैत्रात गेले. मांडीवर चेनसॉ, त्यांच्या त्या रुंद, जाडजूड अंगठ्याखाली जुना टूथब्रश.

"ये, सूनबाई. बघ नवऱ्याचे प्रताप. करवतीला न्हाऊमाखू घातलंय!"

"पूजा होती, तात्या."

"मग कर की पूजा. पण खोबरेल डोक्याला. साखळीचं तेल वेगळं, किती वेळा सांगितलं त्या गाढवाला!"

ते बाजूचं झाकण काढतात. आत भुसा, कुंकू आणि तेल मिळून लाल लगदा झालाय. ब्रश फिरतो तसा तो खाली गळतो. एक थेंब. आणखी एक.

केतकी मागे सरते.

"घाबरतेस काय? कुंकू आहे."

ती खाली बघते. थेंब प्रसूतिगृहाच्या पांढऱ्या फरशीवर पडताहेत. फिनेलचा वास येतोय. तात्या खाटेच्या कडेला बसून घासतच आहेत.

"हे मोजे चढव हातात. साखळी जरा उचलून बघ. किंचितच उचलली गेली पाहिजे, लोंबता कामा नये. आणि पाण्यानं धुवायची नाही, कळलं?"

ती साखळीला हात लावते. साखळी कोमट आहे. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी हलते आहे.

"तात्या, ही चालू तर नाही ना?"

"पिन माझ्या खिशात आहे. पिन काढल्याशिवाय मी कधी हात लावला होता?"

खिशातून वायर निघाली आहे खरी. ती फरशीवरून जाते, पोफळींच्या बागेतून जाते, पार दूर. त्या टोकाला कुणीतरी इवलंसं, वायर धरून रांगत चाललंय.

"पिन दाखवा, तात्या. आत्ता दाखवा."

तात्या खिसा उलटा करतात. नुसता भुसा पडतो. पडतच राहतो.

"मी गेलोय गं, पोरी. माझ्या खिशाचा भरवसा कसला धरतेस? ऊठ."

"उठवत नाही मला."

"ऊठ म्हणतो ना!"

डोळे उघडतात; शेजारची ओवीची गोधडी रिकामी आहे. केतकी धावते.

ओवी पाटाला चिकटून बसली आहे. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी ती करवतीच्या मुठीशी झटते आहे. बटण दाबते, सोडते, पुन्हा दाबते. काहीच होत नाही.

केतकी तिला उचलून छातीशी आवळते आणि मग भिंतीकडे बघते. बोर्डावरचा लाल दिवा जळतोय. पिन खाली जमिनीवर पडली आहे.

निलेश डोळे चोळत आत येतो. "पिन तू काढलीस? बरं केलंस. मी साफ विसरलो होतो."

केतकी पिनेकडे बोट करते. पांढऱ्या पिनेवर काळ्या तेलाचा, अंगठ्याचा एक ठसा आहे, अजून ओला. निलेश वाकतो, त्यावर आपला अंगठा ठेवून बघतो.

ठसा चारी बाजूंनी उरतो.